दादाचे जाहीर हितसंबंध

माझा थोरला भाऊ कायद्याचा प्राध्यापक आहे. सध्या शिकवत नाही, पण आहे. डॉक्टर रजेवर गेला म्हणून काही कंपाउंडर होत नाही, तसं. हा दाखला त्याचाच. चार वर्षांपूर्वी आम्ही परदेशात आलो तेव्हापासून त्याने तो इतक्यांदा दिलाय, की घरात कुणी नुसतं ‘रजा’ म्हटलं तरी पुढचं आम्ही मनातल्या मनात म्हणून घेतो.

आम्ही म्हणजे दादा, वहिनी आणि मी. मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढतो. ज्या घरात दोन माणसं कायदा शिकलेली असतात तिथे तिसऱ्याने काहीतरी उपयोगाचं शिकलेलं बरं. घर भाड्याचं, दोन मजली पण अरुंद. वर दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि त्यात एक टेबल. त्या एका टेबलावर जेवण, इस्त्री, दादाचे नोकरीचे अर्ज आणि वहिनींचं वाचन असं सगळं चाले. जेवायला बसायचं म्हणजे आधी कायदा उचलून ठेवावा लागे.

दोघं एकाच लॉ कॉलेजातले. दादाला त्याच्या वर्षी सुवर्णपदक मिळालं. वहिनी त्याच्या एक वर्ष मागे. त्याही पहिल्याच आल्या होत्या, पण त्या वर्षी पदकाच्या दात्याने देणगी बंद केली, म्हणून पदकच नव्हतं. आता पदक नाही म्हणजे पुरावा नाही, आणि दादा नऊ वर्षं पुराव्याचा कायदा शिकवत होता. त्यामुळे घरात पहिला नंबर एकाचाच आला होता, असं धरून सगळं चाललेलं. पदक त्याच्या मोज्यांच्या खणात असतं. वहिनी चिडल्या की त्याला ‘पदकसाहेब’ म्हणतात.

इथे आल्यावर पदकसाहेबांना पहिला धक्का बसला तो पदव्या तपासणाऱ्या समितीचा. तिचं पत्र आलं: आपली पदवी आमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन वर्षांशी समकक्ष मानण्यात येत आहे. दादाने ते तीनदा उभ्याने वाचलं आणि एकदा बसून.

“पाच वर्षांची पदवी माझी. उरलेली तीन वर्षं काय विमानात हरवली?”

“सामानाबरोबर गेली असतील,” वहिनी म्हणाल्या. “माझीही तेवढीच आलीत.”

मग दोघंही पुन्हा वर्गात जाऊन बसली. दादा नाइलाजाने, आणि वहिनी, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, ‘घरात बसून याची चिडचिड ऐकण्यापेक्षा तिथे बसून दुसऱ्यांची ऐकावी म्हणून’. दादाचे सहाध्यायी त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. हे कळलं त्या दिवशी दादा जेवला नाही. “कलमं पाठ असण्याचा उपयोग काय मग?” तो विचारत राहिला. त्याला साडेचारशे कलमं पाठ आहेत, पोटकलमांसकट. जगात इतकी संपत्ती एका दिवसात बुडालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नवी पदवी मिळाली, आणि अर्ज सुरू झाले. इथे कायदा शिकवायची नोकरी मागायची तर नुसत्या गुणपत्रिका चालत नाहीत. तीन माणसांची शिफारस लागते, छापलेला लेख लागतो, आणि ‘माझी शिकवण्यामागची भूमिका’ म्हणून दोन पानी निबंध लागतो. दादा पेन चावत बसे. “मी तास घेतो, हजेरी घेतो, पोर्शन पुरा करतो. यात दोन पानं कुठून आणू?” सतरा अर्ज गेले, सतरा नकार आले. प्रत्येकात तेच वाक्य: या वेळी अर्जदारांचा दर्जा फार वरचा होता.

“अरे, मग त्या अर्जदारांत मीही आहे ना! माझाच दर्जा वरचा म्हणून मलाच नकार?”

पोटासाठी तोवर त्याने कायद्याच्या एका नियतकालिकाच्या कचेरीत नोकरी धरली होती. काम काय, तर लोकांच्या लेखांतल्या तळटीपा तपासायच्या. लेखकाने अमुक निकाल, अमुक पान असं खाली लिहिलं की तो निकाल काढायचा, ते पान उघडायचं, आणि खरंच तिथे ते आहे का बघायचं. खिडकीशेजारचं टेबल, तीन बाजूंना जाडजूड ग्रंथ, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या हुशारीच्या पायथ्याशी बसून खडे वेचणं. ज्यांचे लेख येत ते सगळे कुठे ना कुठे शिकवत असत. लेखाच्या सुरुवातीला तसं छापलेलंच असे. दादा ती ओळ सगळ्यांत आधी वाची आणि मग पाणी पिऊन येई.

एकदा त्याच्या टेबलावर ‘गाईडवाल्या’चा लेख आला. हा त्याचा जुना वर्गमित्र. आयुष्यभर बाजारातल्या गाईडांवर पास झालेला, चोपन्न टक्के, आणि आता तिसऱ्याच कुठल्या देशात कायद्याचा प्राध्यापक. लेखाला एकशे त्रेचाळीस तळटीपा. दादाने चार दिवस लावले आणि पाचव्या दिवशी शिट्टी वाजवत घरी आला.

“नऊ चुका! पान दोनशे बारा लिहिलंय, आहे दोनशे तेरा. दोनशे तेरा!”

“बरं, पण लेख कसा आहे?” वहिनींनी विचारलं.

शिट्टी थांबली. दादाने बूट काढले, जागेवर ठेवले, पुन्हा सरळ करून ठेवले.

“बरा आहे,” तो म्हणाला. “तेच तर दुखणं आहे.”

तरी गाईडवाल्यावर जळणं सोयीचं होतं. तो लांब होता. त्याचा टॉवेल आमच्या बाथरूममध्ये वाळत नव्हता. पंचाईत पुढे झाली.

वहिनींना गेल्या वर्षी एका कॉलेजात आठवड्याला दोन तासांचं काम मिळालं. मोठ्या प्राध्यापकाचं व्याख्यान झालं की दहा-पंधरा मुलांना घेऊन बसायचं आणि त्यांच्याशी उदाहरणं सोडवायची. नोकरी म्हणावी इतकं ते नव्हतं, पण शिकवणं होतं. त्या घरी आल्या की दादा वर्तमानपत्रामागून विचारी, “किती होते?”

“चौदा.”

“पटावर किती?”

“चौदाच.”

“हं.”

या ‘हं’ला आमच्या घरात अनेक अर्थ आहेत, पण त्यात अभिनंदन कधीच नसतं. एका विद्यार्थिनीने वहिनींना आभाराचं कार्ड दिलं. ते त्यांनी फ्रिजवर लावलं. दुसऱ्या दिवशी त्यावर कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक चिकटलेलं. मी दादाकडे बघितलं, तर म्हणाला, “ओला कचरा मंगळवारी असतो, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.” एकदा आम्ही तिघं रस्त्याने चाललो होतो. मागून कुणीतरी हाक मारली, “प्रोफेसर!” वहिनींच्या आधी दादा वळला. हात वर करून, हसून. हाक मारणारा मुलगा त्याला वळसा घालून वहिनींपाशी गेला. दादाने वर केलेला हात तसाच डोक्यावरून फिरवला, जणू केस नीट करायचे होते. त्याला केस फारसे नाहीत.

अशात शहरातल्या मोठ्या कॉलेजची जाहिरात आली. कराराचा कायदा शिकवायला एक कायम जागा. पुराव्याच्या जोडीने दादाचा हा दुसरा हातखंडा विषय. त्याने अठरावा अर्ज लिहायला घेतला आणि मोठ्या मनाने वहिनींना म्हणाला, “तूही टाक. अनुभव मिळेल.” त्यांच्या अर्जातले स्वल्पविरामही त्यानेच दुरुस्त केले.

साठेक अर्जांतून तिघांना बोलावणं आलं. दादाचं पत्र सकाळी आलं. त्याने मला मिठी मारली, हे चार वर्षांत प्रथमच. दहा मिनिटांनी वहिनींनी आपलं पत्र उघडलं.

“तिघांत दोघं आपल्या घरातले!” मी ओरडलो.

“तिघांत घेणार एकच,” दादा म्हणाला, आणि शर्ट इस्त्री करायला वर गेला. इस्त्री खाली होती.

निवडीची पद्धत अशी, की प्रत्येक उमेदवाराने खऱ्या मुलांसमोर वीस मिनिटांचा नमुना तास घ्यायचा. विषय सगळ्यांना एकच. एका माणसाचं मांजर हरवलंय, शोधून देणाऱ्याला त्याने बक्षीस जाहीर केलंय. ज्याने मांजर आणून दिलं त्याला जाहिरातीची कल्पनाच नव्हती. त्याला बक्षीस मिळावं का? उमेदवारांनी एकमेकांचे तास बघायचे नाहीत, पण बाहेरच्या कुणाला बसायचं असेल तर ना नव्हती. मी अर्धी रजा टाकून शेवटच्या बाकावर बसलो. पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग, पुढच्या रांगेत निवड समितीचे पाच जण, मागे तीसेक मुलं, आणि दाराला वरच्या बाजूला काचेची एक उभी पट्टी.

आधी दादा. टाय सरळ, आवाज खणखणीत. फळ्यावर विषय लिहिला, खाली रेघ मारली, आणि म्हणाला, “लिहून घ्या. करार म्हणजे, स्वल्पविराम, कायद्याने अंमलात आणता येण्याजोगा, स्वल्पविराम...”

नऊ वर्षं त्याने असंच शिकवलं होतं, आणि त्याला तसंच शिकवलं गेलं होतं. आमच्याकडे मास्तर सांगतो, मुलं उतरवतात आणि परीक्षेत परत करतात. सचोटीचा व्यवहार असतो. इथली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकीने दप्तरात पेन शोधलं, तिच्याकडे नव्हतं. एकाने हात वर केला.

“सर, हे आम्हाला वाटलेल्या कागदात छापलेलं आहे.”

“असू दे. लिहिलं की लक्षात राहतं. पूर्णविराम. नवीन परिच्छेद.”

अठराव्या मिनिटाला तो मांजरापर्यंत पोहोचला. तीन देशांचे निकाल त्याने तोंडपाठ सांगितले, सालांसकट. मला तर अभिमानाने भरून आलं. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, “पण सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

दादा दचकला. कुणी भर वर्गात त्याचं वजन विचारल्यासारखा.

“माझ्या वाटण्याचा इथे संबंध येत नाही,” तो म्हणाला.

मग वहिनी. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणाल्या, “मांजर तू आणलंस. दार मी उघडलं. माग बक्षीस.” तो लाजत म्हणाला, द्या. “का देऊ? तू तर म्हणे उगाच दया येऊन आणलंस.” दुसरी एक मुलगी मधेच म्हणाली, मग दयाळू माणसाचं नुकसान आणि लोभी माणसाचा फायदा, हा कुठला न्याय? पाच मिनिटांत वर्गाचे दोन तट पडले. कुणी म्हणे जाहिरात भिंतीला दिली नव्हती, माणसांना दिली होती. कुणी म्हणे मांजराला विचारा. हशा झाला. वहिनी कुणाला बरोबर म्हणेनात, कुणाला चूकही म्हणेनात; नुसत्या ‘का?’ विचारत इकडून तिकडे फिरत होत्या. समितीतल्या एक बाईसुद्धा भान विसरून वाद घालायला लागल्या.

मी सहज दाराकडे बघितलं. काचेच्या पट्टीत दादाचा एक डोळा आणि अर्धी भुवई दिसत होती. पुन्हा हशा झाला तशी ती भुवई काचेवरून हळूहळू खाली सरकली आणि दिसेनाशी झाली.

आठवड्याने निकाल लागला. वहिनींची निवड झाली. तिसऱ्या उमेदवाराने तोवर दुसरीकडे नोकरी घेतली होती. दादाच्या पत्रात होतं, की आपण प्रतीक्षायादीत पहिले आहात.

“यादीत आणखी कोण आहे?” मी विचारलं.

“कुणी नाही.”

त्याने अभिनंदन केलं, नाही असं नाही. वहिनींशी हस्तांदोलन केलं. स्वतःच्या बायकोशी. वहिनी हात हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि तो म्हणाला, “भांडी मी घासतो,” आणि धुतलेली भांडी पुन्हा घासली.

इथवरही निभावलं असतं. पण नेमणुकीआधी वहिनींच्या मायदेशातल्या अनुभवाची खातरजमा व्हायची होती. दोन वर्षं आपण अमुक कॉलेजात शिकवलं, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. त्यासाठी कॉलेजने छापील फॉर्म काढला आणि नियमाप्रमाणे तो त्या वेळच्या विभागप्रमुखांकडे धाडला. त्या वेळचे विभागप्रमुख आमच्याच घरात वरच्या खोलीत राहत होते. वहिनींनी माहेरचं आडनाव ठेवलेलं. कचेरीतल्या कुणाला या दोन नावांचा पत्ता एकच आहे हे दिसलं नसावं. फॉर्म सही करून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत परत हवा. नाही आला तर निवड रद्द आणि जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या उमेदवाराला.

सोमवारी संध्याकाळी फॉर्म टेबलावर होता. आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो, जणू घरात पाहुणा आलाय आणि कुणाचा नातेवाईक ते कळत नाहीये.

“मला हा भरता येणार नाही,” दादा म्हणाला. “हितसंबंध आहे. मी नवरा आहे, शिवाय त्याच जागेचा उमेदवार. हा परत पाठवायला हवा. तिथल्या आत्ताच्या प्रमुखांकडून भरून मागवतील.”

“आत्ताचे प्रमुख?” वहिनी म्हणाल्या. “ज्यांच्याकडून माझा साधा अनुभवाचा दाखला यायला अकरा महिने लागले ते?”

“त्याला मी काय करणार? तत्त्व म्हणजे तत्त्व.”

“तुझं म्हणणं कायद्याने बरोबर आहे,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “म्हणूनच मला इतका राग येतोय.”

मंगळवार गेला, बुधवार गेला. फॉर्म वर, दादाच्या मोज्यांच्या खणात. वहिनींनी एकदाही विचारलं नाही. ताटं वाढताना दोघंही माझ्याशीच बोलत. “भाऊजी, त्यांना मीठ हवंय का विचारा.” “छोट्या, सांग तिला, नको.” मी त्या तीन दिवसांत दुभाषा म्हणून कुठेही लागलो असतो.

गुरुवारी दुपारी दादा दुकानात आला. “नंबर वाढलाय बहुतेक,” म्हणाला. त्याने डोळे तपासून जेमतेम दोन महिने झाले होते, पण मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि भिंगं बदलायची ती जड चौकट त्याच्या नाकावर चढवली. ती चढवली की न्यायाधीशही बेडकासारखा दिसतो.

“अक्षरं बघ. हे भिंग स्पष्ट, की हे?”

“दोन्ही बाजूंत तथ्य आहे.”

“दादा, नीट सांग.”

त्याने चौकट नाकावर सारखी केली. समोरच्या उजळ फळ्यावरची अक्षरं तेवढी दिसत होती.

“त्या फॉर्ममध्ये सातवा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “विभागातल्या इतर अध्यापकांच्या तुलनेत उमेदवाराचा क्रम कितवा, तो आकड्यात लिहा.”

“मग?”

“विभागात होतं कोण? ती आणि मी.”

मी हातातलं भिंग खाली ठेवलं.

“हितसंबंध वगैरे ठीक आहे रे. ते एका ओळीत जाहीर करता येतं, मलाही कळतं. पण सातव्याचं उत्तर मला ठाऊक आहे. आजचं नाही, तेव्हापासूनचं.” चौकटीतून त्याचे डोळे भलतेच मोठे दिसत होते. “पोरं माझा तास बुडवून तिच्या वर्गात मागे जाऊन बसायची. मी तिचा तास शनिवारी शेवटचा लावला. वेळापत्रक प्रमुखच करतो, खाली सही मात्र हेडक्लार्कची असते. म्हटलं, आता बघू कोण थांबतं.”

“थांबली?”

“बाकं कमी पडायला लागली.” तो एकदम हसला, मग लगेच थांबला. “माझ्या वर्गात नऊ वर्षांत हशा झाला तो एकदाच. माझ्या पाठीला खडू लागला होता. परवा त्या काचेतून ऐकत होतो ना, तेव्हा वाटलं, हिला आत्ता एखादा प्रश्न अडावा. एक तरी. आपल्या बायकोबद्दल असं वाटतं, छोट्या. उद्या बारा वाजेपर्यंत नुसतं बसून राहिलो तर नोकरी मला. काही करायचंही नाही. आणि वर म्हणायला तत्त्व आहेच.”

थोरल्या भावाची समजूत घालायची आमच्या घरात पद्धत नाही. मी चौकट काढली आणि म्हटलं, “नंबर तोच आहे. चष्मा पूस जरा, किती धूळ आहे.”

शुक्रवारी सकाळी आठला तो फॉर्म घेऊन खाली आला. वहिनी टेबलाशी चहा घेत होत्या. दादा उभाच राहिला, घसा साफ केला आणि फॉर्मला टाचलेला कागद वाचायला लागला.

“खालील हितसंबंध जाहीर करण्यात येत आहेत. एक, मी उमेदवाराचा पती आहे. दोन, मी याच जागेचा अयशस्वी उमेदवार असून ही खातरजमा न झाल्यास जागा मला मिळेल. तीन, मला उमेदवाराचा मत्सर वाटतो.”

वहिनींचा कप बशीपर्यंत पोहोचला नाही.

“हा मत्सर जुना असून त्यापोटी मी विभागप्रमुख असताना तिचा तास शनिवारी शेवटचा लावला होता. तरीही वर्ग भरलेला असे, ही वस्तुस्थिती पुरावा म्हणून विचारात घ्यावी. प्रश्न सात. दोनांत पहिली.”

आता वहिनी विरघळतील असं मला वाटलं. कप खाली आदळला.

“शनिवारचा तास तू लावलास? तू? अरे, दोन वर्षं मी त्या हेडक्लार्कला शिव्या घातल्या! निरोप समारंभात त्याच्याशी बोलले नाही! तो बिचारा माझ्यासाठी फुलं घेऊन आला होता, मी ती शिपायाला देऊन टाकली!”

“म्हणूनच जाहीर...”

“बारा वर्षांनी? आणि कॉलेजला आधी, मला मागून?”

“वाचून दाखवलं की आधी तुला.”

“पदकसाहेब,” वहिनी उठल्या, “आधी तो फॉर्म देऊन या. बारा वाजायच्या आत. मग आपण भांडणार आहोत. निवांत.”

तो स्वतः जाऊन कॉलेजच्या खिडकीवर देऊन आला, पोच घेऊन. कचेरीने तो निवड समितीतल्या त्या बाईंकडे पाठवला, बाईंनी दुपारी फोन केला. जाहीर हितसंबंधांची नोंद घेतली आहे, जुने वर्ग-अहवाल वहिनींनी जोडलेले होते ते पुरेसे आहेत, सोमवारपासून रुजू व्हावं. फोन ठेवून वहिनींनी आम्हाला सांगितलं, आणि ठरल्याप्रमाणे भांडणाला सुरुवात केली. ते चार दिवस चाललं. हेडक्लार्कला माफीचं पत्र गेलं, दोघांच्या सहीचं. त्यातले स्वल्पविराम वहिनींनी घातले.

दादा अजून तळटीपाच तपासतो. मत्सर गेला म्हणावं तर तसंही नाही. वहिनींच्या दारावर नावाची पाटी लागली, तिचा फोटो त्यांनी दाखवला, तर म्हणाला, “स्क्रू वाकडा बसलाय.” पण फ्रिजवरचं वेळापत्रक बाजूला सरकलंय. आता ओला कचरा आणि आभार दोन्ही वाचता येतात.

गेल्या आठवड्यात त्याला एका लहान कॉलेजकडून बोलावणं आलं. पुन्हा नमुना तास. भाडेकरूने अंगणात झाड लावलं तर घर सोडताना ते कोणाचं? तो पत्र घेऊन टेबलाशी आला, वहिनींच्या समोर बसला आणि बराच वेळ पत्राची घडी घालत-उलगडत राहिला.

“त्या वीस मिनिटांत,” तो म्हणाला, “तू नेमकं केलंस काय?”

हे त्याने एवढ्या दिवसांत विचारलं नव्हतं. वहिनींनी पुस्तक मिटलं.

“काही नाही रे. विचारलं आणि थांबले.”

“थांबायचं म्हणजे किती सेकंद?”

“सेकंद मोजतोस म्हणजे थांबला नाहीस. हे भाऊजी बसलेत ना, यांना विचार.”

दादा माझ्याकडे वळला. टाय नसताना हात टायकडे गेला.

“झाड कोणाचं?”

“भाडेकरूचं,” मी म्हटलं. “पाणी त्याने घातलं.”

चूक असणार. दादाच्या तोंडापर्यंत कलम आलेलं मला स्वच्छ दिसलं, पोटकलमासकट. त्याने तोंड उघडलं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. त्याने ते मिटलं. कलम गिळलं.

“का?” त्याने विचारलं, आणि माझ्याकडे बघत खरंच थांबला. इतका वेळ, की मलाच विचार करावा लागला.